घेवरशेठ आणि डावी भकाळी

मी मंचरला रुजू झालो त्या दिवशी पोळा होता. आमच्याकडे पोळा भादव्यात येतो. गावातले सगळे बैल ओढ्यावरून धुऊन आणलेले, शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, अंगावर गेरूचे ठिपके आणि हाताचे पंजे. मी नवा कोट घालून वेशीजवळ मिरवणूक बघत उभा होतो. तेवढ्यात एक पांढरा बैल समोरून गेला आणि मी बघतच राहिलो. त्याच्या डाव्या अंगावर ठिपके नव्हते, पंजे नव्हते. गेरूनं त्याचं पोट काढलेलं होतं. आतलं पोट. बरगड्यांपासून पार कमरेपर्यंत पसरलेलं, मध्ये खाच असलेलं, जसं असतं तसं. त्याच्या पुढे, कोपराच्या जरा वर, हृदय. बैल वळला तेव्हा उजवं अंग दिसलं. तिकडे यकृत होतं आणि आतड्यांची वेटोळी होती, जिलबीसारखी एकात एक.

मुंबईच्या कॉलेजात वर्षानुवर्षं नाक मुठीत धरून मी जे शिकून आलो होतो, ते हा बैल अंगावर घेऊन निवांत मारुतीच्या देवळाकडे चालला होता. मी शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, हे कुणाचं काम. तो म्हणाला, "घेवरशेठचं. गेरू त्यांचा, बैल आमचा. वर बैलाला गुळाचा खडा मिळतो, मंग आमी कशाला न्हाई म्हनू?"

ही गोष्ट विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. गुरांचा सरकारी दवाखाना मंचरला नवा निघाला होता आणि त्यात मी, एक शिपाई, औषधांच्या बाटल्यांची पेटी आणि एक कोरं रजिस्टर एवढेच होतो. लोक मला 'गुरांचा डागदर' म्हणत आणि म्हणताना हसू दाबत. माणसांना डॉक्टर असतो हेच अजून अनेकांना पटलं नव्हतं. पहिला महिनाभर दवाखान्याकडे एक शेपूट फिरकलं नाही.

पहिला आला तो घेवरशेठ. ठेंगणा, गोल, अंगात बाराबंदी, डोक्याला गुंडाळलेलं पागोटं. पेठेत त्यांचं किराणा आणि धान्याचं दुकान होतं. घराणं मारवाडातून आलेलं, पण तीन पिढ्या मंचरात काढलेल्या, त्यामुळे बोलणं पक्कं इथलं. शेठ दारात उभे राहिले, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी आत बघितलंय म्हनं?"

मी म्हटलं, हो, बघितलंय. त्यावर त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं लोक यात्रा करून आलेल्या माणसाकडे बघतात. किती वेळा बघितलं, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पुष्कळदा. पण कॉलेजात बहुतेक घोडेच असत, ट्रामचे, रेजिमेंटचे. शेठचा चेहरा उतरला. घोड्याला पोटं किती, असं त्यांनी हळूच विचारलं. एक, मी म्हणालो. "एकच?" शेठ म्हणाले. "बिचारं." आणि घोड्याची कीव करत ते निघून गेले.

शेठ जैन. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत चालणारे, दिवस मावळायच्या आत जेवणारे. दुकानाच्या मागे त्यांनी म्हातारी, भाकड, लंगडी अशी नऊ गुरं सांभाळली होती. कापाकापी सोडाच, रक्ताचा थेंब दिसला तरी त्यांना भोवळ येई. आणि अशा माणसाला छंद कसला, तर गाईच्या आत काय काय आहे आणि ते कसं चालतं, हे जाणून घेण्याचा.

गाईच्या चारही पोटांना त्यांनी आपली नावं दिली होती. पहिलं ते कोठार, कारण सगळा माल आधी तिथं येऊन पडतो. दुसरी चाळण. तिसरी पोथी, कारण तिला पानं असतात. चौथं ते भटारखाना, खरी पचनाची भट्टी तिथं. माझ्या पुस्तकातली लॅटिन नावं मी त्यांना सांगितली, तर ती ऐकून घेऊन ते म्हणाले की ह्यात गाईला कळेल असं एकही नाही.

आपला उपाय त्यांनी स्वतःच शोधला होता. जनावराच्या डाव्या कुशीला कान लावायचा. शेवटची बरगडी, कमरेचं हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये जो खळगा असतो त्याला आमच्याकडे भकाळी म्हणतात. शेठ डाव्या भकाळीला कान लावून डोळे मिटून उभे राहत आणि मनात नवकार मंत्र म्हणत. दोन नवकारांना आत एकदा ढग गडगडल्यासारखं झालं पाहिजे. झालं तर कोठार चालू आहे. तीन नवकारांनीही गडगडलं नाही तर जनावर बिघडलं. मी एकदा खिशातलं घड्याळ काढून ताडून पाहिलं. शेठच्या संथ चालीत दोन नवकार म्हणजे मिनिटाच्या जरा आतबाहेर, आणि निरोगी गाईचं पोट साधारण तेवढ्याच वेळात एकदा हलतं. घड्याळ मी पुन्हा खिशात घातलं.

त्यांचं पालुपद एकच होतं. "आधी डावं बघा, मंग बोला." कुणी बैल आजारी आहे म्हणून सांगत आला, की दोन पायल्या ज्वारी मोजता मोजता शेठ म्हणायचे, आधी डावं बघा, मग बोला. बैल लंगडत असला तरीही. शंकराच्या देवळातला दगडी नंदी बघायला ते मुद्दाम जात आणि नाराज होऊन परत येत, कारण घडवणाऱ्यानं दोन्ही कुशी सारख्याच काढल्या होत्या. डावी जरा भरलेली पाहिजे, एवढं त्याला कळू नये, असं ते गुरवाला ऐकवत. गुरव म्हणे, आता मी काय करू शेठ, देवाला उपास घडला असेल.

रस्त्यात दिसलेला प्रत्येक खिळा, सुई, तारेचा तुकडा ते उचलत. गाय चारा निवडून खात नाही, जिभेनं गुंडाळते आणि गिळते. खिळा गेला की चाळणीत अडकतो, आणि चाळणीच्या पुढे बोटभर अंतरावर हृदय असतं. उतारावरून चालताना जो बैल कण्हतो त्याच्या चाळणीत लोखंड आहे असं समजावं, हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी मान डोलावली आणि घरी जाऊन पुस्तक उघडून खात्री केली. उचललेल्या सुया ते पागोट्यात खोचत. त्यामुळे लग्नकार्यात त्यांना कुणी मिठी मारत नसे. पेठेतली टवाळ मंडळी मुद्दाम वाकडे खिळे टाकून ठेवत आणि शेठ वाकले की मोजत. शेठला हे ठाऊक होतं. ते म्हणायचे, टाकू द्या, गाईच्या आधी मी पोचतो.

पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षा. एकदा ओतूरकडचे एक पाहुणे भराभरा गिळत होते. शेठ बराच वेळ बघत राहिले, मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पावणं, गाईला चार पोटं हायेत, तरी ती दोनदा चावती. तुमाला एकच दिलंय." पाहुण्यांचा पुढचा घास घशातच अडकला. शेठची बायको जडावबाई मला म्हणाली होती, "माज्या म्हायेरच्यांनी दुकान बघून मुलगी दिली. मागचा गोठा बघितलाच न्हाई." पण गोठ्यातल्या नऊ गुरांची नावं तिनंच ठेवली होती.

आता कुणीही विचारेल, आणि मीही विचारलं, की ज्यानं आत कधी बघितलं नाही त्याला तिसऱ्या पोटाला पानं असतात हे कळलं कसं. याचं उत्तर मला रावजीनं दिलं. मेलेली गुरं ओढून न्यायची आणि कातडं सोडवायचं, हे गावानं रावजीच्या घराण्यावर टाकलेलं काम. खरं सांगायचं तर साऱ्या तालुक्यात गुरांचं शरीर सगळ्यात जास्त कुणाला कळत असेल तर ते रावजीला, मलाही नाही. पण त्या काळी त्याला दुकानाची पायरी चढू देत नसत. शेठही देत नसत, हे लपवण्यात अर्थ नाही.

ओढ्याच्या कडेला रावजी काम करी आणि तिथून पंधरा पावलांवर एका दगडावर शेठ पाठ फिरवून बसत. तोंड गावाकडे, मांडीवर दगडी पाटी. रावजी जे दिसेल ते मोठ्यानं सांगे आणि शेठ मागे न बघता पाटीवर काढत. "रावजी, कोठार केवढं?" "चार-पाच घागरी बसत्याल, शेठ." "आतून कसं?" "टर्किश टावेल असतो बघा सायबाकडं, तसं खरबरीत." अशी ती शाळा चाले. रावजी हसून मला म्हणाला, "सायेब, शेठला वास सोसतो, बोलनं सोसतं, निस्तं बघनं सोसत न्हाई."

एक गोष्ट मात्र गावात कुणी हसून सांगत नसे. शेठ सगळीकडे जात, बैलाला कान लावायला कोस कोस चालत. पण ओढ्यापलीकडच्या वस्तीवर कधी जात नसत. तिथं भिमाबाईचं घर होतं. वीसएक वर्षांपूर्वी तिची कपिला नावाची गाय पोट फुगून मेली होती, आणि टोचायचा सल्ला शेठचा होता. त्यानंतर शेठनी ओढा ओलांडला नाही. ओढ्यापर्यंत जात, पलीकडे बघत आणि परत फिरत. कारण कुणी विचारलं तर म्हणत, पाणी लई हाय. ओढा वर्षातले आठ महिने कोरडा असे.

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. मला माझंच पुरे होतं. रजिस्टर कोरं, वरच्या साहेबांचं पत्र आलेलं की दवाखान्याला गुरं येत नसतील तर तो दुसरीकडे हलवू. अशात एका बाजारच्या दिवशी, भर दुपारी, आरडाओरडा झाला.

आहुप्याकडचा कोंडाजी नावाचा एक शेतकरी गाडीभर हिरडा विकायला घेऊन आला होता. डोंगरातले बैल, आयुष्यभर वाळलेलं गवत खाल्लेले. कोंडाजी हिरडा उतरवत असताना त्याच्या एका बैलानं शेजारच्या गाडीतला कोवळा, ओला लसूणघास मनसोक्त हाणला. घटकाभरात त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. मी पोचलो तेव्हा बैल पाय फाकून उभा होता, जीभ बाहेर, डोळे तारवटलेले. कोंडाजी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून उभा होता आणि त्याला नावानं हाका मारत होता. घरी जायचं तर डोंगर चढून जायचं होतं, आणि जोडीतला एकटा बैल गाडी ओढत नाही.

वेळ थोडा होता. वायूनं फुगलेलं पोट छातीवर दाबतं आणि जनावर गुदमरून मरतं. माझ्याजवळ इलाज होता. धारदार सळई आणि तिच्याभोवती पोकळ नळी. टोचायचं, सळई काढून घ्यायची, नळी आत ठेवायची, वायू निघून जातो. मी पेटी उघडली. भोवती दोनशे माणसं. आजपर्यंत माझ्या दवाखान्याकडे पाठ फिरवलेली सगळी पेठ आज तोंड करून उभी होती. मी सळई घेतली, बैलाच्या कुशीवर बोटांनी जागा मोजली आणि हात उचलला.

"सायेब," गर्दीतून घेवरशेठ पुढे आले. धापा टाकत होते, हातात ज्वारीचं माप तसंच. "तिकडं ऊन तोंडावर येतंय तुमच्या. इकडं सावलीला या." आणि माझं कोपर धरून त्यांनी मला बैलाच्या मागून वळसा घालून पलीकडे नेलं.

भर बाराला दोन्हीकडे सारखंच ऊन होतं. सावली कुठंच नव्हती. मी काही बोलणार होतो, पण हात आपोआप बैलाच्या कुशीवर गेला आणि बोटांखाली ताणलेल्या ढोलासारखी भकाळी लागली. डावी भकाळी. म्हणजे आत्तापर्यंत मी उजवीकडे उभा होतो. कॉलेजात घोड्याला उजवीकडे टोचायला शिकवलं होतं. घोड्याचा वायू उजवीकडे साठतो. बैलाचं मोठं पोट डावीकडे असतं हे मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. पण घाबरलेल्या हाताला परीक्षा आठवत नाही, सवय आठवते. उजवीकडे ती सळई गेली असती तर आतड्यांत गेली असती आणि वायू होता तिथंच राहिला असता.

मी डावीकडे टोचलं. सळई काढली आणि फुस्स करून असा वायू सुटला की पुढच्या रांगेतल्या मंडळींनी नाकाला धोतराचे सोगे लावले. शेठ तोवर पाठ फिरवून आपल्याच दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते, ओठ हलत होते. "आलं का भाईर?" त्यांनी भिंतीला विचारलं. मी म्हटलं, आलं. शेठनी मापातली ज्वारी गिऱ्हाइकाच्या फडक्यात ओतली आणि ते दुकानात गेले.

थोड्या वेळानं बैलानं मान हलवली, मग शेण टाकलं, आणि लोक असे खूश झाले की जणू मीच टाकलं. डागदराच्या हाताला गुण आहे, असं बाजारभर झालं. दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर भरायला लागलं आणि पुढे तीस वर्षं ते भरतच राहिलं. माझी नोकरी, माझं घर, माझ्या मुलांची शिक्षणं त्या एका वळशावर उभी आहेत. दोनशे माणसांत कुणालाही कळलं नाही की डागदर चुकत होता, कारण शेठनी ते कळू दिलं नाही. हयातीत त्यांनी ते कुणापाशी काढलं नाही. मीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहितोय, कारण हे ऋण मनातल्या मनात मानून फिटत नाही.

त्याच दिवशी, ते जेवून उठायच्या बेतानं मी त्यांच्या मागच्या गोठ्यात गेलो. आभार मानायला लागलो तर ते म्हणाले, "कशाचे आभार? ऊन लागत व्हतं तुमाला." मी म्हटलं, शेठ, मला ठाऊक आहे मी काय करणार होतो; माझा हात उजवीकडे गेला होता. शेठ एका म्हाताऱ्या गाईची गळ्याखालची पोळी खाजवत होते. हात थांबला.

"तुमचा पन?" ते म्हणाले.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. पोटाचा नकाशा त्यांनी पहिल्यांदा पाटीवर काढला तेव्हाची गोष्ट. पाठ फिरवून बसलेले असल्यानं, मोठं पोट कुठल्या बाजूला, असं त्यांनी विचारलं. ओढ्याच्या बाजूला, असं रावजीनं सांगितलं. रावजी जनावर नेहमी ओढ्याच्या काठाला लागून लांबीनं, डोकं गावाकडे करून ठेवतो, हे शेठला माहीत होतं. त्या हिशेबानं ओढ्याची बाजू म्हणजे जनावराची उजवी. शेठनी उजवीकडे कोठार काढलं. पण त्या दिवशी जनावर पलीकडच्या वाटेनं ओढून आणलेलं होतं आणि डोकं नेमकं उलटं होतं. मान वळवून एकदा बघितलं असतं तर दिसलं असतं. शेठनी मान वळवली नाही. ते आपल्या नकाशावर फार खूश होते.

पुढच्याच महिन्यात भिमाबाई धावत दुकानात आली. गाय फुगलीय, काहीतरी सांगा. त्या वेळी आमच्याकडे फुगलेल्या जनावराला तेल पाजत आणि तोंडात काठी आडवी बांधत. टोचायचं धाडस कुणी करत नसे. पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार पोकळ नळी असते, ती शेठनी तिला दिली आणि पाटीवर बैल काढून दाखवलं, उजवीकडे, इथं. स्वतः गेले नाहीत. रक्त बघवत नव्हतं. संध्याकाळी गाय गेल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी रावजीला विचारलं तेव्हा चूक उमगली. तेव्हापासून त्यांनी जिवंत जनावराला कान लावायला सुरुवात केली, कारण कानानं ऐकलेल्याला पाठ फिरवावी लागत नाही. आणि तेव्हापासून दर पोळ्याला गेरू.

"भिमाबाईला सांगितलंत का?" मी विचारलं.

नाही, शेठ म्हणाले. धीर झाला नाही. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, आणि तो विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "सायेब, तुमी शिकलेले हाय. डावीकडं टोचलं असतं तर ती वाचली असती का?"

खोटं बोलणं सोपं होतं. दुपारी त्यांनी माझ्यासाठी नसलेली सावली पैदा केली होती, मीही एक करू शकलो असतो. पण त्यांच्यासारख्या माणसाला खोटी समजूत घालायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "बहुतेक वाचली असती."

शेठनी मान डोलावली. "वीस वर्सं समदे म्हनतात, तिची येळ आली व्हती. तिची येळच आली असंल तर मंग मी काय सांगायचं ऱ्हातच न्हाई. पन वाचली असती म्हनताय." ते उठले. "मंग बाईला सांगायला पायजे. उद्या तुमी माज्यासंगं या. एकटा गेलो तर ओढ्यावरनं मागारी फिरन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ओढा कोरडा होता. मध्यावर शेठ थांबले, एक गंजका खिळा उचलला, पागोट्यात खोचला, आणि पलीकडे चढले.

भिमाबाई ओसरीवर सुपात पावटे सोलत बसली होती. केस पांढरे झालेले, नजर मात्र चांगली. तिनं शेठना लांबूनच ओळखलं आणि हातातली शेंग तशीच राहिली. आत सून दूध तापवत होती. दावणीला एक कपिलेच्याच रंगाची गाय बांधलेली होती, दिवस भरत आलेली. भिमाबाईनं या म्हटलं, बसा म्हटलं. शेठ बसले नाहीत. पागोटं काढून त्यांनी हातात घेतलं आणि अंगणातच उभे राहिले.

"बाई, कपिला माज्यापायी गेली," ते म्हणाले. "मी तुमाला उजवी बाजू सांगितली. डावी पायजे व्हती."

भिमाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "उजवी तुमी सांगितली व्हती?"

"मी."

"नीट आठवून सांगा शेठ."

"पाटीवर काढून दिली व्हती. हेच हात."

ती बोलायला लागली, हळू, पावट्यांकडे बघत. "तुमी गावभर डावं बघा, डावं बघा म्हनत फिरता, ते मी ऐकायची. मला वाटायचं, मलाबी तुमी डावंच सांगितलं असनार. मीच गडबडीत इसरले आन उजवीकडं खुपसलं. माज्या हातानं गाय गेली म्हनून तुमी माज्या दारात पाऊल टाकत न्हाई, असं धरून बसले मी. तवापासून गाईला हात लावला न्हाई, शेठ. धार सून काढती. मी निस्ता चारा लोटते लांबनं."

घेवरशेठ मटकन पायरीवर बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. भिमाबाईनं आत जाऊन तांब्या भरून आणला आणि आधी त्यांच्या हातात दिला. पागोटं मांडीवर ठेवून शेठ पाणी प्यायले. कुणी कुणाची माफी मागितली नाही.

मग भिमाबाई दावणीपाशी गेली. गाईसमोर क्षणभर उभी राहिली, हात पदराला पुसले, आणि गाईच्या पाठीवर ठेवले. सून दूध उतू गेलेलं सोडून दारात येऊन उभी राहिली होती.